कान देऊन : मधल्या शेतातली गाणी

प्रश्न : मुलाने एक जपानी गाणं पाठवलं. तिघी मुली उंच टाचांच्या चपला घालून अगदी एका मापाने नाचत होत्या. ते संपलं आणि आपोआप दुसरं लागलं. त्यात केसांत भला मोठा बो लावलेली एक मुलगी आणि तिच्याभोवती खेळण्यांचा नुसता पसारा. दोन्ही गाणी एकमेकांसारखी मुळीच नव्हती, तरी दोन्हींमागे एकच माणूस बसलाय असं मला वाटत राहिलं. मुलगा म्हणाला, "आई, तुला सगळी जपानी गाणी सारखीच वाटणार." माझा खरंच गैरसमज झालाय का? जपानी मला अक्षरही येत नाही.
– एक वाचक

उत्तर : गैरसमज अजिबात झालेला नाही. तुम्ही बरोबर ओळखलंत. त्या तिघी म्हणजे हिरोशिमाच्या 'पर्फ्यूम', बो लावलेली ती क्यारी पाम्यू पाम्यू, आणि दोघींची गाणी रचणारा माणूस एकच आहे : यासुताका नाकाता. जन्म 1980, गाव कानाझावा. तो गीत लिहितो, चाल लावतो, वाद्यमेळ रचतो आणि मिक्सिंगही स्वतःच करतो. एका गाण्यात एका माणसाचा इतका हात असला की चेहरे कितीही बदलले तरी तो हात ओळखू येतो. तुम्हाला आला तो असाच.

मुलाला पुरावा दाखवायचा असेल तर तोही देते, त्यासाठी जपानी यायची गरज नाही. गाण्याच्या माहितीत नावाची दोन चित्रं शोधा. पहिलं अक्षर म्हणजे आडव्या चौकोनातून आरपार गेलेली उभी रेघ. दुसरं म्हणजे चार तावदानांची बंद खिडकी. पहिल्याचा अर्थ 'मध्य', दुसऱ्याचा 'शेत'. नाकाता म्हणजे मधलं शेत. त्यापुढे 'यासुताका' ही चार अक्षरं साध्या, टोकदार काताकाना लिपीत असतात. ही रेघ आणि ही खिडकी शेजारी शेजारी दिसली आणि पुढे काताकाना असलं, की समजा तोच.

मला स्वतःला हे नाव असंच सापडलं. 2007 साली मी टोकियोत होते. यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचं भाषांतर करायचं काम, सहा तातामींची, म्हणजे सहा चटयांएवढी खोली, रात्री जेवताना टीव्ही लावून ठेवायचा म्हणजे कुणीतरी बोलतंय असं वाटायचं. त्या दिवसांत पर्यावरण आणि पुनर्वापर यांविषयीची एक सार्वजनिक जाहिरात वरचेवर लागायची आणि मागे एक गाणं असायचं. तेच पर्फ्यूमचं 'पॉलिरिदम'. जाहिरात संपून जायची, पण गाणं भांडी घासताना डोक्यात चालूच राहायचं. सप्टेंबरात त्याची सीडी निघाली. जपानात सीडी भाड्याने देणारी दुकानं असतात, तिथून मी ती घरी आणली.

अर्ध्यापर्यंत छान वाजली. मग मध्येच अडकली. एकच शब्द पुन्हा पुन्हा, आणि तोही तालात नाही, ठोक्याच्या कधी पुढे तर कधी मागे. मी ती पुसून लावली, पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी कामावरून येताना दुकानात परत घेऊन गेले आणि डिस्कवर ओरखडा असावा म्हणून सांगितलं. काउंटरवरच्या मुलाने ती आधी दिव्यासमोर तिरपी धरून पाहिली. मग आपल्या प्लेअरवर लावली, हेडफोनची एक बाजू माझ्याकडे दिली आणि तो भाग आल्यावर काउंटरवर बोटं वाजवायला लागला. डाव्या हाताने चार, चार, चार. उजव्या हाताने पाच, पाच, पाच. "बिघडलेलं नाही," तो म्हणाला, "हे असंच आहे."

आपल्याला हे समजायला खरं तर सोपं आहे. चाराच्या ठेक्यावर तबलजी पाचाचे गट मांडतो तेव्हा आपण पुढे सरकून बसतो, कारण तो समेवर कसा येतो ते बघायचं असतं. इथे तेच आहे. खालचा ठोका चाराचा, वर पाचाचे आणि सहाचे तुकडे फिरत असतात. चार आणि पाच वीस मात्रांनंतरच पुन्हा गाठ घालतात. शिवाय अडकल्यासारखा वाटणारा तो शब्द जपानीत 'पोरिरूपु' असा म्हणतात आणि जपानी मोजणीत दीर्घ रू दोन मात्रांचा धरतात. पो, रि, रू, ऊ, पु. बरोबर पाच. म्हणजे शब्दाचं माप आणि तालाचं माप एकच. हे लक्षात आलं तेव्हा मी चुओ मार्गावरच्या गाडीत उभी होते आणि एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताने मांडीवर मोजत होते. सार्वजनिक जाहिरातीत वाजणाऱ्या, शाळकरी मुलांच्या तोंडी असलेल्या गाण्याच्या ऐन मध्यावर हा माणूस असा हिशोब ठेवतो आणि गाण्याचा गोडवा तसूभरही कमी होऊ देत नाही, याचं मला तेव्हा जे वाटलं ते आजही वाटतं.

त्या सीडीच्या कागदावर गीत, संगीत, संयोजन अशा तीन ओळी होत्या. तिन्ही ओळींपुढे तीच रेघ आणि तीच खिडकी. पुढच्या आठवड्यात त्याच दुकानात मी फक्त ती दोन अक्षरं शोधत फिरले आणि 'कॅप्सूल' नावाच्या जोडीच्या कप्प्यापाशी पोचले. ही नाकाताची स्वतःची जोडी. गायिका तोशिको कोशिजिमा, तीही कानाझावाचीच. 1997 साली सुरुवात, 2001 साली पहिली सीडी. पर्फ्यूमचं काम त्याने हातात घेतलं ते 2003 पासून.

आता तुमच्या कानांना दोन्ही गाण्यांत काय सारखं लागलं असेल याचा माझा अंदाज सांगते. एक म्हणजे दाब. त्याच्या गाण्यात खालचा मोठा ठोका पडला की बाकीची सगळी वाद्यं क्षणभर दबतात आणि लगेच वर येतात. दबतात, वर येतात. झोपलेल्या माणसाची छाती हलावी तसं सगळं गाणं हलत असतं. असं करण्याची युक्ती जगभरचे नृत्यसंगीतवाले वापरतात, पण नाकाता ती गोड, लहान मुलांना म्हणता येईल अशा चालीखाली वापरतो. दुसरी गोष्ट म्हणजे शब्द. तो शब्द आधी नादासाठी निवडतो. क्यारीच्या एका गाण्याचं नाव 'त्सुकेमात्सुकेरू' आहे. 'त्सुकेमा' म्हणजे नकली पापण्या, 'त्सुकेरू' म्हणजे लावणं. सरळ अर्थ 'खोट्या पापण्या लावते', पण तोंडाने म्हणून बघा, जीभ आपोआप ठेका धरते.

भाषा येत नाही याची म्हणूनच इथे फारशी अडचण होत नाही. ऐकायला सुरुवात कुठून करायची असेल तर मी पर्फ्यूमच्या 2008च्या 'गेम' या अल्बमपासून करा म्हणेन. जपानच्या विक्रीयादीत तो पहिल्या क्रमांकावर गेला होता आणि तो मान खराच आहे. तो पाठ झाला की कॅप्सूलचा 2006चा 'फ्रूट्स क्लिपर' ऐका. तोवर हलक्याफुलक्या, कॅफेत वाजावीत अशा गाण्यांत रमलेला नाकाता तिथे एकदम नाचाच्या जड ठोक्यांकडे वळतो. पर्फ्यूमच्या पुढच्या गाण्यांचं मूळ मला त्या वळणात दिसतं. आणि मुलाला सांगा, आईचे कान चांगले आहेत.

प्रश्न : माझी सहा वर्षांची मुलगी 'पोनपोनपोन' या गाण्याचा व्हिडिओ दिवसातून चार वेळा बघते. रंग सुंदर आहेत, पण त्यात सुटे डोळे आहेत, मेंदू आहेत, चेहरा झाकलेली कुणी नाचते आहे, ती मुलगी स्वतःच्या कानातून माईक ओढून काढते. मला बघताना कसंतरी होतं. तिला बघू द्यावं का?
– एक आई

उत्तर : बघू द्या, फक्त एकदा तिच्या शेजारी बसून बघा आणि तिला काय काय दिसतं ते तिच्याकडून मोजून घ्या. तुम्हाला आधी डोळा दिसतो, तिला कदाचित पावाची चकती आधी दिसत असेल.

पण तुम्हाला कसंतरी होतं ते चुकीचं नाही. ते मुद्दाम केलेलं आहे. व्हिडिओतली मुलगी म्हणजे वरच्या पत्रातली क्यारीच. या व्हिडिओचे दिग्दर्शक जुन तामुकाई आणि कलादिग्दर्शन सेबास्टियन मासुदा यांचं. मासुदा यांचं टोकियोच्या हाराजुकू भागात 1995 पासून एक दुकान आहे, नाव 'सिक्स पर्सेंट डोकीडोकी'. डोकीडोकी म्हणजे काळजाची धडधड. जपानी भाषा आपल्यासारखीच अशा शब्दांनी भरलेली आहे : आपलं लखलख, त्यांचं किराकिरा, आपली धडधड, त्यांची डोकीडोकी. सहा टक्के धडधड! त्या दुकानात सगळं गोड गुलाबी असतं आणि त्या गोडव्यात काहीतरी टोचणारं सोडलेलं असतं. व्हिडिओतली खोली त्याच जातीची आहे. लहान मुलाच्या खोलीत जसं बाहुलीशेजारी मोडकं डोकं, त्याशेजारी अर्धवट खाल्लेलं बिस्किट पडलेलं असतं आणि त्यातलं काहीच त्याला घाण किंवा भीतीचं वाटत नाही, तशी. मोठ्यांनी वस्तूंची जी वाटणी केलेली असते, ही आवडायची, ही लपवायची, ती त्या खोलीत अजून झालेली नाही.

माझ्यासाठी या व्हिडिओला आणखी एक बाजू आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. तो आला जुलै 2011 मध्ये. 11 मार्चचा भूकंप आणि त्सुनामी होऊन चार महिने झाले होते, फुकुशिमाचं अणुवीज केंद्र बंद होतं आणि टोकियोत वीज जपून वापरायची होती. स्टेशनांवरचे बरेच दिवे काढलेले. सरकते जिने उभे, त्यांच्या पायऱ्या चढून जायचं. दुकानांच्या पाट्या विझलेल्या. आमच्या कचेरीतही दर दोन ट्यूबमधली एक बंद असायची आणि एसी असा बेताचा की कागदाला हात चिकटायचा. कुणी तक्रार करत नसे, पण कुणी मोठ्याने हसतही नसे. त्या अंधुक कचेरीत जेवणाच्या सुट्टीत माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाईने फोन माझ्यापुढे धरला. ती तोहोकूकडची, माहेरचं घर वाचलेलं, पण त्या महिन्यांत ती फार कमी बोलायची. तिच्या फोनवर ती खोली लागली होती. इतका रंग मी मार्चपासून पाहिला नव्हता. आम्ही तो व्हिडिओ तीनदा पाहिला. अठरा वर्षांची एक मुलगी, मागे नाकाताचा तो न थकणारा ठोका, आणि घरातली कुठलीच वस्तू टाकून न दिलेली ती खोली. ज्या बाजूला घरंच्या घरं वाहून गेली होती, तिकडून आलेली बाई ती खोली डोळे मोठे करून बघत होती. पुढच्या जानेवारीत 'त्सुकेमात्सुकेरू' आलं, आणि एका सोमवारी ती बाई कामावर नकली पापण्या लावून आली. लांब, काळ्याभोर, डाव्या डोळ्याची थोडी वाकडी बसलेली.

हे सगळं तुमच्या मुलीला सांगायची गरज नाही. तुम्ही मात्र पुढच्या वेळी तो मेंदू दिसेल तेव्हा हे आठवून बघा.

प्रश्न : मी शास्त्रीय गायन शिकतो. या गाण्यांतले आवाज यंत्रातून काढलेले आहेत हे सरळ ऐकू येतं. माझे मित्र म्हणतात, गळा नसलेल्यांची ही सोय आहे. तुमचं काय मत?
– एक विद्यार्थी

उत्तर : मत वेगळं आहे. बेसूर गाणाऱ्याला सुरात आणायचं असेल तर ते यंत्र लपवून वापरतात, ऐकणाऱ्याला कळू नये याची काळजी घेतात. नाकाता ते उघड वापरतो. तो एका सुरावरून दुसऱ्या सुराकडे जाणारी सगळी घसरण पुसून टाकतो. आपण ज्या मींडेवर जीव टाकतो तीच काढून घेतो. मग आवाजात काय उरतं? व्यंजनाचा फटका, श्वासाची जागा, स्वर किती उघडा आणि किती मिटलेला. तुम्ही रोज मींड घोटता, म्हणून तुम्हाला ती नसल्याचं इतरांपेक्षा लवकर जाणवलं. तसंच तिच्याशिवाय जे उरतं तेही तुम्हाला इतरांपेक्षा जास्त ऐकू यायला हवं. पर्फ्यूमच्या तिघींचे, आ-चान, काशियुका आणि नोच्चीचे आवाज एवढ्या प्रक्रियेनंतरही वेगवेगळे ओळखता येतात. ते ओळखायचा रियाज करा. आठ दिवस लागतील.

त्यासाठी जलद गाणी नकोत. 'माकारोनी' हे 2008चं संथ गाणं घ्या, दिवे मालवून ऐका. आणि हाच माणूस पुरुषाच्या आवाजाशी कसा वागतो ते बघायचं तर केन्शी योनेझू गातात ते 2016चं 'नानिमोनो' आहे.

एक मात्र मान्य करते. कॅप्सूलच्या नंतरच्या काही गाण्यांत कोशिजिमांचा आवाज इतका कापला आहे की त्याचे नुसते ठोके झालेत. मला ती गाणी नाचायला आवडतात, बसून ऐकायला नाही.

प्रश्न : व्हिडिओतला नाच, कपडे, प्रकाश हेसुद्धा नाकाताच ठरवतो का?
– एक वाचक

उत्तर : नाही, आणि त्या लोकांची नावं लक्षात ठेवायला हवीत. पर्फ्यूमचे नाच मिकिको बसवतात, त्या तिघींना हिरोशिमाच्या प्रशिक्षण शाळेपासून शिकवणाऱ्या. सुरुवातीच्या काळातले बरेच व्हिडिओ काझुआकी सेकी यांचे. रंगमंचावर प्रकाश आणि संगणकाचं जे काम दिसतं त्यात दाइतो मानाबे यांचा मोठा वाटा आहे. एकच बघायचं असेल तर 2013 साली फ्रान्समध्ये कान इथल्या जाहिरात महोत्सवातला त्यांचा कार्यक्रम बघा. तिघींच्या पांढऱ्या कपड्यांवर चित्रं पडतात आणि त्या नाचताना हलल्या तरी चित्र अंगावरून सुटत नाही. मी पहिल्यांदा बघताना गाणं ऐकायचं विसरले होते. दुसऱ्यांदा डोळे मिटून ऐकलं, मग तिसऱ्यांदा दोन्ही मिळून.

प्रश्न : स्टुडिओ जिब्लीच्या माणसांनी नाकाताच्या गाण्यांवर कार्टून केल्याचं ऐकलं. खरं का?
– जिब्लीवेडी

उत्तर : खरं! आणि तेही पर्फ्यूम गाजण्याच्या आधीची गोष्ट. कॅप्सूलच्या तीन गाण्यांवर 2004 आणि 2005 साली छोटे चित्रपट झाले : 'पोर्टेबल एअरपोर्ट', 'स्पेस स्टेशन नंबर नाइन' आणि 'उडत्या शहराची योजना'. दिग्दर्शक योशियुकी मोमोसे, जिब्ली या जपानी ॲनिमेशन स्टुडिओत दिग्दर्शक इसाओ ताकाहाता यांच्या चित्रपटांवर वर्षानुवर्षं काम केलेले. 1970 च्या ओसाका प्रदर्शनाच्या काळात लोकांना उद्याचं जग जसं दिसायचं तशी ही चित्रं आहेत, गोलसर, स्वच्छ, हवेत तरंगणारी. गाणी अजून जड ठोक्यांकडे वळलेली नाहीत, कोशिजिमांचा आवाज जवळजवळ उघडा आहे. वरच्या पत्रातल्या विद्यार्थ्यानेही ही ऐकावीत.

तिन्ही याच क्रमाने बघा. विमानतळ आधी, अंतराळस्थानक मग, आणि उडतं शहर सगळ्यात शेवटी, कारण त्यानंतर लगेच मला दुसरं काही लावावंसं वाटत नाही.